एका शिफ्टमधली पन्नास माणसं आणि एक रविवार

कँटीनमध्ये जेवताना कळतं की कुणाच्या तरी मेव्हण्याला रक्त मिळत नाहीये. चार जण हळहळतात, दोघं फोन फिरवतात, आणि तिथंच कुणीतरी म्हणतं, "आपणच एकदा शिबिर घेऊ या की!" पुढचे दोन दिवस उत्साहाचे असतात. मग हॉल कुणाचा, पैसे कुणी घालायचे, रक्तपेढीला फोन कोण करणार, इथं घोडं अडतं.

कंपनी स्वतः घेते त्या शिबिराची गोष्ट वेगळी. तिथं जागा, मंडप, नाश्ता सगळं कंपनीचं असतं. इथं बोलायचंय ते एकत्र काम करणारी माणसं सुट्टीच्या दिवशी, आपल्या वस्तीत, आपल्या खिशातून घेतात त्या शिबिराबद्दल. आपल्याला वैद्यकीय ज्ञान नसलं तरी चालतं, ते असणारी माणसं येतात. आपण जागा, माणसं आणि तारीख जुळवायची. मी गेली काही वर्षं अशा शिबिरांत धावपळीच्या कामाला असतो. पुढं सांगितलेल्या बहुतेक चुका आम्ही करून झालेल्या आहेत.

सुरुवात तारखेपासून करा. जागेपासून करू नका. "अमक्याचा हॉल त्या रविवारी मोकळा आहे" म्हणून शिबिर ठरवणं ही पहिली चूक.

रक्त साठवता येतं, पण फार दिवस नाही. साध्या पिशवीत तांबड्या पेशी ३५ दिवस टिकतात. पिशवीत टिकवण्याचं जादा द्रावण घातलेलं असेल तर ४२ दिवस. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, जेमतेम ५ दिवस. आता बघा, एखाद्या जयंतीला शहरात जागोजागी शिबिरं होतात, दोन दिवसांत फ्रिज भरून जातात आणि दीड महिन्यानं पुन्हा खडखडाट.

महाराष्ट्रात हा खडखडाट दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येतो. कॉलेजं बंद असतात, माणसं गावाला गेलेली असतात, उन्हात कुणी बाहेर पडत नाही. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला मात्र मे महिना असो की आणखी कुठला, साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. या आजारात शरीराला पुरेसं हिमोग्लोबिन तयार करता येत नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं.

म्हणून रक्तपेढीला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: "तुम्हाला कधी कमी पडतं?" १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो आणि १ ऑक्टोबरला राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. दोन्ही चांगले, पण त्या दिवशी शिबिर घेणारे पुष्कळ असतात. आपण मेचा दुसरा किंवा तिसरा रविवार धरला तर तो जास्त कामाचा.

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर नीट बघा. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, रमजान यातलं काही आलं तर निम्मी यादी गळते. मेमध्ये लग्नाचे मुहूर्तही बघावे लागतात. आम्ही एकदा दाट तिथीच्या रविवारी शिबिर ठेवलं होतं. अर्धे रक्तदाते वरातीत होते आणि आमचा टेबल मांडणारा गडी स्वतः नवरदेवाचा मामा निघाला.

मग शिफ्टचा तक्ता. रात्रपाळी करून सकाळी थेट शिबिराला येणाऱ्याला डॉक्टर परत पाठवतात, आणि बरोबर करतात, कारण झोप न झालेल्या माणसाला भोवळ लवकर येते. उलट रक्त देऊन कुणी लगेच क्रेन, फोर्कलिफ्ट किंवा ट्रकवर बसायला जाणार असेल तर तेही चालत नाही. अशा माणसांनी पुढची ड्यूटी निदान २४ तासांनी असेल तेव्हाच रक्त द्यावं. ज्या शिफ्टची माणसं गोळा करायची तिला रविवारी आणि सोमवारी काय लागलंय, ते आधी बघा.

आता रक्तपेढी. नियमांत तिला हल्ली 'रक्तकेंद्र' म्हणतात, पण फोनवर रक्तपेढीच म्हणा, सगळ्यांना कळतं. शिबिरात रक्त घ्यायचा अधिकार परवानाधारक रक्तकेंद्रालाच असतो. सरकारी रुग्णालयांची, रेडक्रॉसची आणि मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थांची अशी केंद्रं असतात. आपल्या जिल्ह्यातली केंद्रं ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर सापडतात.

हे सगळं इतकं काटेकोर का, याला इतिहास आहे. पूर्वी पैसे घेऊन रक्त विकणारे लोक असत. गरज म्हणून तीच माणसं पुन्हा पुन्हा देत, आजार लपवत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं देशभर बंद झालं. त्यानंतर रक्ताची सगळी मदार नातेवाइकांवर आणि आपल्यासारख्यांच्या शिबिरांवर आली.

फोन निदान महिनाभर आधी करा आणि आकडा खरा सांगा. "शंभर तरी होतील साहेब" असं छाती फुगवून सांगायची आपल्याकडे रीत आहे. तिकडं त्या आकड्यावर माणसं निघतात. ३ तासांत ५० ते ७० रक्तदाते घ्यायचे असतील तर नियमानुसार एक डॉक्टर, दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवक, दोन मदतनीस आणि त्यांची गाडी एवढा ताफा लागतो. शंभर सांगून पंचवीस जमले तर हा सगळा ताफा रविवार घालवून परत जातो आणि पुढच्या वेळी आपला फोन उचलताना विचार करतो.

आमचा हिशेब असा: माना डोलावणारे शंभर असतील तर साठेक येतात आणि पन्नासेक जणांचं रक्त घेतलं जातं. याला शास्त्र नाही, अनुभव आहे. आपल्या वस्तीत प्रमाण वेगळं असू शकतं. पहिल्या वर्षी निम्मा आकडा सांगा.

केंद्राला दोन गोष्टी अवश्य विचारा. एक, रक्ताचे घटक वेगळे करायची सोय आहे का? असेल तर एकाच पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ पिवळसर भाग, असे तीन घटक निघतात आणि ते तीन वेगळ्या रुग्णांना देता येतात. दुसरं, जमलेलं रक्त मुख्यतः कुठल्या रुग्णालयाला जातं? उत्तर द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल तर दुसरं केंद्र बघा.

जागा तळमजल्यावरची हवी. समाजमंदिर, शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, काहीही चालेल, पण रक्त दिलेल्या माणसाला जिना उतरायला लावू नका. आम्ही पहिल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरचा हॉल फुकट मिळाला म्हणून घेतला आणि खाटा, खोकी, शीतपेट्या वर चढवताना तंत्रज्ञांचा अर्धा तास गेला. वीज, पंखे, हात धुवायला वाहतं पाणी, स्वच्छ संडास आणि दाराशी गाडी लागेल एवढी जागा, इतकं बघून घ्या. मेमध्ये वीज जाते. जनरेटरचं आधी विचारून ठेवा.

मांडणी अशी करा की माणूस एका दारानं आत आला आणि नोंदणी, तपासणी, खाट, विश्रांती, चहा असं करत पुढंच सरकत गेला. चहाचं टेबल दाराशी ठेवलं तर रक्त न दिलेल्यांची गर्दी तिथंच साचते.

आणि एक कोपरा पडदा लावून वेगळा ठेवा. खुर्च्या दोनच. तिथं डॉक्टर एकेकाशी बोलतात. हा कोपरा नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. का ते पुढं येईलच.

पैशाचं थोडक्यात सांगतो. खर्च नाश्ता, पाणी, खुर्च्या, फलक आणि जनरेटरचा. वर्गणी ऐच्छिक ठेवा, एकाच्याच खात्यावर घ्या आणि तो एक जण शिबिराचा मुख्य माणूस नसावा. हिशेब आठ दिवसांत ग्रुपवर टाका, उरलेल्या पैशांसकट. गणपतीच्या वर्गणीवरून झालेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अधिक सांगायला नको.

रक्तदात्यांना भेटवस्तू देण्याचा मोह आवरा. हेल्मेट, डबा, बॅग असं काही जाहीर केलं की लोक त्यासाठी येतात, आणि ज्याला रक्त द्यायला मनाई आहे तो आजार लपवतो. ज्या कारणानं विकत रक्त बंद केलं, ते कारण आपणच मागच्या दारानं आत आणतो. चहा, बिस्किटं, पोहे, एक प्रमाणपत्र, बस्स.

कंपनीचं नाव फलकावर घालायचं असेल तर लेखी परवानगी घ्या, नसेल तर घालू नका. "अमुक शिफ्टचे मित्र" एवढं पुरतं. नाव घातलं की उद्या काही कमीजास्त झालं तर प्रश्न कंपनीला जातो आणि आपल्याला बोलावणं येतं.

आता माणसांना विचारायचं कसं? शिफ्टच्या अधिकृत ग्रुपवर टाकू नका, तिथं सुपरवायझर असतो आणि साहेबही असतात. त्या ग्रुपवर "येणार का?" विचारलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. वेगळा ग्रुप करा आणि ज्याला यायचं त्यानंच त्यात यावं. त्याहून चांगलं म्हणजे जेवणाच्या सुट्टीत एकेकाला भेटून विचारायचं. "विचार करून सांग, नाही जमलं तरी काही नाही," हे वाक्य प्रत्येकाला म्हणायचं, अगदी जिवलग मित्रालाही.

हे एवढं ताणून सांगतोय, कारण सहकाऱ्यांच्या शिबिराला एक खास धोका असतो. अनोळखी गर्दीत माणूस गुपचूप निघून जाऊ शकतो. इथं सगळे सगळ्यांना ओळखतात. एखाद्याला कावीळ होऊन गेलेली असते, एखाद्याला मिरगी असते, एखाद्याच्या आयुष्यात अशी काही जोखीम असते जी त्याला कुणालाच सांगायची नसते. "काय रे, घाबरलास का?" अशी थट्टा झाली की तो लाजेखातर खाटेवर जाऊन झोपतो. ते रक्त पुढं तपासलं जातंच, पण संसर्ग अगदी ताजा असेल तर कधी कधी चाचणीतही सापडत नाही. म्हणून तो पडद्याचा कोपरा. आत काय बोलणं झालं ते आपल्याला कळू नये, आणि बाहेर आलेल्याला "का नाही दिलंस?" असं कुणी विचारू नये, हे कार्यकर्त्यांना आदल्या दिवशी बसवून सांगा.

आठवडाभर आधी सगळ्यांना एक साधा संदेश पाठवा, म्हणजे फुकटची खेप टळते. वय १८ ते ६५. आयुष्यात पहिल्यांदाच देणार असाल तर ६० पर्यंत. वजन निदान ४५ किलो. मागचं रक्तदान पुरुषांनी ९० दिवसांपूर्वी आणि स्त्रियांनी १२० दिवसांपूर्वी केलेलं हवं. मलेरिया झाला असेल तर बरं झाल्यावर ३ महिने थांबायचं. टॅटू काढला असेल तर वर्षभर. मासिक पाळी चालू असताना, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना द्यायचं नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांकडून रक्त घेत नाहीत. गोळ्या घेणाऱ्यांचं डॉक्टर बघून ठरवतात. आदल्या रात्री दारू नको, झोप पुरती हवी आणि चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं हवं. शेवटी एवढं लिहा: "शंका असेल तर या, डॉक्टरांना विचारा." निर्णय आपण द्यायचा नाही.

शिबिराचा दिवस. गाडी नऊला येणार असेल तर आपण सातला. उद्घाटन ठेवायचंच असेल तर पाच मिनिटांचं. पाहुण्यांची वाट बघत खाटा रिकाम्या ठेवणं हा आपला राष्ट्रीय आजार आहे. उपाशी आलेल्यांना आधी पोहे आणि पाणी द्या. रक्त देण्यापूर्वी दोन पेले पाणी पोटात गेलं की भोवळ कमी येते.

नोंदणीच्या अर्जात बरेच प्रश्न असतात. ज्याला लिहिता-वाचता कमी येतं त्याला मदत करा, पण तो भाग पडद्याआड, केंद्राच्या माणसानं करायचा. आपण नाव आणि पत्ता एवढंच भरून द्यायचं.

मग हिमोग्लोबिनची तपासणी. रक्तातल्या ज्या लोहयुक्त घटकामुळे प्राणवायू अंगभर पोचतो तो हा, आणि तो निदान १२.५ हवा, स्त्री असो वा पुरुष. काही ठिकाणी छोटं यंत्र वापरतात, पण जुनी पद्धत बघायला गंमत वाटते. मोरचुदाचं निळं द्रावण ठरावीक घनतेचं केलेलं असतं, १.०५३. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडतात. थेंब झटकन बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. तरंगला किंवा घुटमळला तर कमी. रक्तात जितकं हिमोग्लोबिन जास्त तितकं ते जड, एवढंच त्यामागचं तत्त्व.

इथं सगळ्यांत जास्त माणसं परत फिरतात आणि त्यात आपल्या बायका-मुली जास्त असतात. पहिल्या वर्षी एक ताई सकाळी सर्वांत आधी आल्या, थेंब तरंगला आणि त्या डोळे पुसत बाहेर पडल्या. आमच्यातल्या कुणाला काय बोलावं तेही सुचेना. तेव्हापासून आम्ही एक टेबल फक्त परत फिरलेल्यांसाठी ठेवतो. तिथं त्यांना चहा-पोहे तसेच मिळतात, हिमोग्लोबिनचा आकडा चिठ्ठीवर लिहून मिळतो आणि जवळच्या आरोग्यकेंद्रात दाखवायला सांगितलं जातं. आपल्याला रक्तक्षय आहे हे अनेकींना त्या दिवशी पहिल्यांदाच कळतं.

रक्तदाब आणि नाडी ठीक असली की खाट. पिशवी ३५० मिलिलिटरची असते, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० ची घेता येते. पिशवीत रक्त गोठू नये म्हणून थोडं द्रावण आधीच भरलेलं असतं, ३५० च्या पिशवीत ४९ मिलिलिटर. पिशवी एका हलत्या तराजूवर झुलत राहते ती याचसाठी, रक्त आणि द्रावण मिसळत राहावं म्हणून. सुई टोचल्यापासून पाच ते दहा मिनिटांत काम होतं. अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. गेलेला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त.

भोवळ बहुधा खाटेवर येत नाही. ती येते उठून चहाच्या टेबलाशी गेल्यावर, गप्पांच्या नादात. म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसवल्याशिवाय कुणाला सोडू नका आणि विश्रांतीच्या जागी एक कार्यकर्ता फक्त चेहरे बघायला ठेवा. कुणी पांढराफटक पडला, घाम फुटला, की लगेच आडवं करा, पाय उंच करा, डॉक्टरांना हाक मारा. कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, गर्दी करणं नको. त्या दिवशी जड उचलायचं नाही, तंबाखू-सिगारेट काही तास नाही, बाइक लगेच दामटायची नाही.

शिबिर संपलं की गाडीला जाऊ द्या. प्लेटलेट वेगळ्या करायच्या असतील तर रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांत ते काम व्हावं लागतं. आपल्या समारोपाच्या भाषणासाठी आणि ग्रुप फोटोसाठी गाडी अडवली तर सकाळी पहिल्या आलेल्यांच्या प्लेटलेट वाया जाऊ शकतात.

पुढं केंद्रात प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी (बी आणि सी), गुप्तरोग (सिफिलिस) आणि मलेरिया यांसाठी तपासणी होते. काही निघालं तर केंद्र त्या माणसालाच गुपचूप बोलावतं. आयोजक म्हणून आपल्याला कुणाचाही अहवाल मागायचा अधिकार नाही आणि कुणी दिला तरी घेऊ नका.

कधी कधी गटाबद्दलही नवं कळतं. साध्या चाचणीत 'ओ' वाटणारं रक्त क्वचित बॉम्बे गटाचं निघतं. हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला, म्हणून तसं नाव. या माणसांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. असा सहकारी निघाला तर त्यानं शिबिरात देण्यापेक्षा केंद्राकडे नाव नोंदवून, बोलावलं की जावं.

"आपण फुकट दिलं, मग दवाखान्यात पिशवीला पैसे का घेतात?" हा प्रश्न सोमवारी कँटीनमध्ये येणारच. ते पैसे रक्ताचे नसतात. ते पिशवी, चाचण्या, साठवण आणि माणसांचे असतात, आणि दर सरकार ठरवून देतं. एवढं आपल्याला सांगता आलं पाहिजे.

आता सुरुवातीला सोडलेला धागा. आपण पन्नास जणांनी एकाच रविवारी रक्त दिलं, तर पुढचे तीन महिने कँटीनमध्ये कुणाच्याही मेव्हण्यासाठी आपल्यातला एकही पुरुष उपयोगाचा नाही, आणि बायका चार महिने. म्हणून दुसऱ्या वर्षीपासून आम्ही यादीचे चार भाग केले. मेच्या शिबिरात दोन भाग रक्त देतात. तिसरा भाग दिवाळीच्या सुट्टीत, सात-आठ जणांच्या टोळीनं थेट केंद्रात जाऊन देतो, त्याला मंडप लागत नाही. चौथा भाग मोकळा असतो, अडीअडचणीला. दरवर्षी भाग फिरतात. यादीत नावापुढं रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख, इतकंच लिहितो. बाकी काही लिहीत नाही.

ही यादी सांभाळायचं काम मुद्दाम त्याच ताईंकडे दिलंय, ज्यांचा थेंब तरंगला होता. लोहाच्या गोळ्या घेऊन त्या तिसऱ्या वर्षी खाटेवर आल्या. सध्या त्या पहिल्या भागात आहेत आणि मेच्या रविवारी कुणाकुणाच्या घरी लग्न आहे ते फेब्रुवारीपासूनच विचारत फिरतात.